आधी कोरडं, मग मलम

जुलैत दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खुब्याचं हाड मोडलं. नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या घरात बाथरूमच्या उंबऱ्यावर पाय घसरला. ऑपरेशन झालं आणि आठव्या दिवशी त्यांना घरी आणलं. वय ८१. गोळ्या कोणत्या, व्यायाम कोणते, टाके कधी काढायचे, सगळं कागदावर लिहून मिळालं होतं. डायपरखालच्या कातडीबद्दल मात्र त्यात एक ओळ नव्हती, आणि विचारायचं मलाही सुचलं नाही.

घरी आल्यावर पाचव्या दिवशी सकाळी डायपर बदलताना दादांनी दातावर दात दाबून श्वास ओढला. मी पडदा बाजूला सारून उजेडात नीट पाहिलं. दोन्ही जांघा आणि मागची बाजू लालभडक आणि चकचकीत झाली होती, वाफ लागल्यासारखी. एका घडीत तर कातडी सोलवटून ओल सुटली होती. “कधीपासून आग होतेय?” तर म्हणाले, “होते थोडीशी. तुला कशाला त्रास?”

आयुष्यभर एस.टी. चालवलेला माणूस. धुक्यात, पावसात कसारा घाट उतरवलेला. कुणाला कधी ‘जरा धर रे’ म्हटलं नाही, आणि आता मुलाच्या हातून लंगोट बदलून घ्यायची वेळ आली. सुनेला तर ते मुळीच सांगत नव्हते. ओलं झालं तरी मी सातपूरहून शिफ्ट संपवून येईपर्यंत तसेच पडून राहायचे. त्या लालीचं मूळ तिथे होतं, पण ते कळेपर्यंत मी तीन चुका करून बसलो.

पहिली चूक, साबण. स्वच्छता हवी म्हणून प्रत्येक वेळी साबण लावून, पाण्यात जंतुनाशकाचे थेंब टाकून, टॉवेलने खसखसून पुसायचो. मुळात लघवी-शौचानं हुळहुळी झालेली कातडी, त्यात साबणानं तिच्यावरचा उरलासुरला तेलकटपणाही जायचा. दुसरी चूक, पावडर. ओलाव्यात तिचे गोळे झाले आणि जांघेत रेतीसारखे घासू लागले. तिसरी सगळ्यात वाईट. जवळच्या एका मेडिकलमध्ये नुसतं “जांघेत लागलंय” म्हटलं, तर एक ट्यूब हातात ठेवली गेली. दोन दिवस लाली एकदम उतरली. मी खूश! चौथ्या दिवशी ती दुप्पट होऊन परत आली आणि कडेला बारीक लाल पुळ्या उठल्या.

मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना घरी बोलावलं. ट्यूब पाहताच त्यांनी ती बाजूला ठेवली. तिच्यात स्टिरॉइड होतं. स्टिरॉइडनं लाली दबते, पण खाली बुरशी असेल तर ती फोफावते, आणि कडेच्या त्या पुळ्या बुरशीच्याच होत्या. मग त्यांनी एक गोष्ट दाखवली, ती प्रत्येक घरात माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं. माकडहाडावर आणि टाचेवर बोट दाबून सोडलं. कातडी पांढरी होऊन पुन्हा गुलाबी झाली. “इथे रक्त नीट फिरतंय. हाडाच्या उंचवट्यावर लाली आली आणि दाबूनही ती फिकी पडली नाही, तर तो बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याच्या दाबानं होणारी जखम, सुरू होतोय असं समजा, लगेच फोन करा. ही जांघेतली, घड्यांमधली लाली ओलीनं झालीय.” दोन्हींचे उपाय वेगळे. बेडसोअर टाळायला दर दोन तासांनी कूस बदलायची आणि पायांमध्ये उशी ठेवायची. ओलीवर उपाय एकच, ओल कातडीला लागूच द्यायची नाही.

मलम येतं ते इथे. त्याच सुमारास माझ्या मँचेस्टरच्या भाचीनं येणाऱ्या कुणाबरोबर सुडोक्रेमची राखाडी डबी पाठवली. तिच्या बाळाला तेच लावतात. १९३१ साली डब्लिनमध्ये थॉमस स्मिथ नावाच्या औषधशास्त्राच्या प्राध्यापकांनी ते तयार केलं. ‘सूदिंग क्रीम’ हे शब्द डब्लिनकरांच्या बोलण्यात जसे ऐकू येत, त्यावरून पुढे हे नाव पडलं म्हणतात. डबीवर वाचलं तर झिंक ऑक्साइड १५.२५ टक्के, म्हणजे जस्ताची पांढरी पूड. ती पाण्यात विरघळत नाही, म्हणून कातडीवर भिंतीसारखी उभी राहते. जोडीला लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण. त्यानं कातडी मऊ राहते. थोडं बेंझिल अल्कोहोल, ते सौम्य जंतुनाशक, आणि आगही जरा बधिर करतं.

दादांचं म्हणणं, “बोरोलीन आहे की घरात!” हिरवी ट्यूब आमच्याकडे माझ्या लहानपणापासून आहे. कोलकात्याचं हे मलम १९२९ पासूनचं, आणि फुटलेल्या ओठांना-टाचांना आम्ही अजूनही तेच लावतो. पण डॉक्टर म्हणाले, बोरिक अ‍ॅसिड असलेलं कोणतंही मलम सोलवटलेल्या मोठ्या भागावर रोज नको, ते कातडीतून आत शोषलं जातं. इथे साधं झिंकचंच हवं. लॅनोलिन काहींना सोसत नाही, म्हणून आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबायला सांगितलं. दादांना काही झालं नाही.

मी पंधरा दिवस रजा टाकली. कोमट पाणी, साबण बंद, सुगंधी वाइप्स बंद. पुसायला आईचं जुनं लुगडं काढलं. मालेगावच्या मागावरचं सुती, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. त्याचे वीतभर तुकडे केले. पुसायचं नाही, टिपायचं; तुकडा ठेवायचा, दाबायचा, उचलायचा. पहिल्याच दिवशी दादांनी एक तुकडा हातात धरला, किरमिजी काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “गडावर गेलो होतो तेव्हा नेसली होती.” सप्तशृंगी गडावर. मग बराच वेळ आम्ही दोघंही बोललो नाही. त्या दिवसापासून टिपताना त्यांनी अंग आखडलं नाही.

टिपून झालं की जुन्या चादरीवर वीस मिनिटं तसंच उघडं, पंखा बारीक. पावसाळा असल्यानं नाशिकची हवाच दमट होती. चादरी वाळायला दोन-दोन दिवस लागत, म्हणून वारा लागू देणं आणखी गरजेचं झालं. मग बुरशीवरचं मलम, क्लोट्रिमॅझोल, दिवसातून दोनदा, अगदी पातळ. ते जिरलं की वर झिंकचं मलम.

हे मलम लावणंसुद्धा शिकावं लागतं. मी आधी चुना फासावा तसा पांढराशुभ्र थर द्यायचो. घरी ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरनी थांबवलं. म्हणाल्या, कातडी खालून अंधुक दिसली पाहिजे. जाड थर डायपरला चिकटतो, मग डायपर ओल शोषत नाही आणि सगळी ओल अंगाशीच राहते. बोटावर हरभऱ्याएवढं घ्यायचं, चार ठिकाणी ठिपके द्यायचे आणि हलक्या हातानं पसरवायचं. चोळायचं नाही. पुढच्या वेळी मलम पूर्ण काढायचीही गरज नाही. वरचा घाण झालेला थर टिपून घ्यायचा, खालचा स्वच्छ थर तसाच राहू द्यायचा, वर नवा हात द्यायचा. पूर्ण काढायचंच असेल तर कापसावर खोबरेल तेल घ्यायचं, पाण्यानं घासत बसायचं नाही. कातडी घासण्यानंच सोलवटते, आणि मी आठवडाभर नेमकं तेच करत होतो, हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

डॉक्टरांनी आणखी एक बजावलं, तेलकट मलम लागलेले कपडे-चादरी दिव्याजवळ, उदबत्तीजवळ नकोत. ते चटकन पेटतात. दादांच्या उशाशी रोज उदबत्ती लागायची, ती देवघरात हलवली.

चौथ्या दिवशी आग कमी झाली. दहाव्या दिवशी लाली विटकरी होऊन कडांनी आत सरकली आणि सोलवटलेल्या जागेवर पातळ गुलाबी कातडी धरली. तीन आठवड्यांत बरं झालं. पू, ताप किंवा दुर्गंधी आली असती तर घरी थांबायचं नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. तशी वेळ आली नाही. डबी संपल्यावर मी गोळे कॉलनीत गेलो. औषधांच्या त्या घाऊक बाजारात साधं झिंक ऑक्साइडचं मलम सहज मिळालं, किंमतही परवडणारी, आणि कामात फरक पडला नाही. भाचीला कळवलं, आता पाठवू नकोस.

पण मलम कितीही चांगलं असलं तरी, ओलं झालंय हे दादांनी सांगितल्याशिवाय उपयोग नव्हता. माझी रजा संपत आली होती. दिवसासाठी एक काका मदतीला ठेवले, पण दादा त्यांनाही तोंडानं काही सांगेनात. तेव्हा मी पलंगाच्या दांडीला एक छोटी पितळी घंटा बांधली आणि म्हणालो, “दादा, कंडक्टरची बेल. एक दिली की थांबायचं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घंटेकडे पाहिलं, काही बोलले नाहीत.

त्याच रात्री तीनच्या सुमारास एक टोल ऐकू आला. मी उठलो, कोमट पाणी आणलं, टिपलं, वारा लागू दिला, पातळ मलम लावलं, नवा डायपर घातला. दिवा मालवून दारापर्यंत आलो, तर मागून दोन टोल पडले. एस.टी.त दोन बेल म्हणजे गाडी सोडा.