काठमांडू: दोनदा राजा झालेल्या माणसाचं शहर

थामेल या पर्यटकांच्या वस्तीतली दुकानं आणि मोमोचे ठेले मागे टाकून थोडं चाललं की दरबार मार्गाच्या टोकाला नारायणहिटी राजवाडा येतो. राजवाडा म्हटल्यावर मला नक्षीदार लाकूड, जाळीच्या खिडक्या असं काहीतरी अपेक्षित होतं. निघाली १९६० च्या दशकात एका अमेरिकन वास्तुविशारदाने बांधलेली काँक्रीटची इमारत, वर देवळासारखा मनोरा. आता ते संग्रहालय आहे. कॅमेरा, मोबाइल, पर्स सगळं बाहेर ठेवायचं. मीही ठेवलं, त्यामुळे या पोस्टला फोटो नाहीत.

आत जिन्याशी पेंढा भरलेले वाघ, भिंतींवर पूर्वजांची तैलचित्रं, देशोदेशीच्या पाहुण्यांचे फोटो. दालनांना नेपाळच्या जिल्ह्यांची नावं दिली आहेत. सिंहासनाचं दालन अर्थात गोरखा, कारण गोरख्याच्या पृथ्वीनारायण शाहाने १७६८ मध्ये काठमांडू जिंकलं आणि तिथून २४० वर्षं हे घराणं चाललं. श्रीपेच नावाचा पिसांचा मुकुटही इथेच मांडलाय. तो डोक्यावर घेणारा शेवटचा राजा, ज्ञानेंद्र, याच शहरात राहतो. स्वतःचा मुकुट काचेत ठेवलेला असताना त्याच गावात दिवस काढायचे, ही गोष्ट काही माझ्या डोक्यातून जाईना.

ज्ञानेंद्र दोनदा राजा झाले. पहिल्यांदा १९५० मध्ये, वयाच्या तिसऱ्या वर्षी. तेव्हा खरी सत्ता राणा घराण्याकडे होती. १८४६ च्या कोत हत्याकांडातून जंगबहादूर राणा वर आला आणि पुढे शंभर वर्षं राजा नावापुरता राहिला. ज्ञानेंद्रांचे आजोबा त्रिभुवन राणांना कंटाळून भारतीय दूतावासात आश्रयाला गेले, तिथून दिल्लीला. मागे राहिलेल्या या नातवाला राणांनी गादीवर बसवलं. पण नेपाळी काँग्रेसचं सशस्त्र बंड आणि दिल्लीचा दबाव यापुढे राणा वाकले, आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये त्रिभुवन परतले. येताना त्यांनी शब्द दिला: जनतेने निवडलेली संविधान सभा राज्यघटना लिहील.

नेपाळच्या राजेशाहीचा सगळा हिशेब मला या एका शब्दापाशी लागतो. ती निवडणूक त्रिभुवन यांनी घेतली नाही. मुलगा महेंद्र यांनी स्वतःच घटना देऊन १९५९ मध्ये संसदेची निवडणूक घेतली. नेपाळी काँग्रेसचे बी. पी. कोइराला दोन तृतीयांश बहुमताने निवडून येऊन पंतप्रधान झाले, त्यांनी करमाफीच्या बिर्ता जमिनींना हात घातला, आणि डिसेंबर १९६० मध्ये महेंद्र यांनी त्यांना तुरुंगात टाकलं. मग तीस वर्षं पक्षबंदी आणि पंचायत व्यवस्था, म्हणजे पक्षांशिवायची, राजाच्या मुठीतली राजवट. १९९० च्या जनआंदोलनात नातू बीरेंद्र वेळेवर झुकले म्हणून गादी वाचली. तरी सैन्याची दोरी राजवाड्याच्याच हातात राहिली, आणि १९९६ पासून डोंगराळ खेड्यांत माओवादी युद्ध पेटलं ते वेगळंच. त्यात १७ हजारांच्या आसपास माणसं गेली.

राजवाड्याच्या मागच्या आवारात त्रिभुवन सदन होतं. १ जून २००१ च्या रात्री युवराज दीपेंद्रने वडील राजे बीरेंद्र आणि आई यांच्यासकट घरच्यांना गोळ्या घातल्या, असं सरकारी चौकशी सांगते. इमारत नंतर पाडली. आता जोतं उरलंय, आणि कोण कुठे पडलं हे सांगणाऱ्या पाट्या. ज्या मुलीशी दीपेंद्रला लग्न करायचं होतं तिची आई ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातली. हे वाचलेलं असल्यामुळे की काय, मी त्या जोत्यापाशी जरा जास्तच रेंगाळले. शेजारी एक नेपाळी कुटुंब होतं. आजोबा नातवाला सांगत होते, 'हे सगळं खोटं आहे.' चौकशी समिती दोन माणसांची आणि अहवाल आठवड्याभरात तयार. बीरेंद्रांचे धाकटे भाऊ ज्ञानेंद्र त्या रात्री पोखऱ्याला होते आणि त्यांचा मुलगा त्याच खोलीत असून वाचला. लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं. राजा म्हणजे विष्णूचा अवतार मानणाऱ्या देशात नव्या राजाकडे, म्हणजे दुसऱ्यांदा गादीवर आलेल्या ज्ञानेंद्रांकडे, पहिल्या दिवसापासून संशयाने पाहिलं गेलं. सुरुवातच तशी झाल्यावर १ फेब्रुवारी २००५ ला टेलिफोन तोडून, नेत्यांना नजरकैदेत टाकून सगळी सत्ता हातात घेणं हा माझ्या मते निव्वळ वेडेपणा होता. तोवर एकमेकांशी भांडणारे सात पक्ष आणि माओवादी त्यामुळेच एकत्र आले. राजानेच ती मोट बांधून दिली.

कीर्तिपूरला नेणारा टॅक्सीवाला एप्रिल २००६ मध्ये राजाविरुद्धच्या आंदोलनात, कलंकीच्या गर्दीत होता. 'दिदी, कर्फ्यू रिंगरोडच्या आत. मग आम्ही रिंगरोडवरच जमायचो,' हे सांगताना त्याने गाडी हळू केली, कारण कलंकीचा चौक आलाच होता. इथे गोळीबारात माणसं मेली. 'ज्ञाने चोर, देश छोड' ही घोषणा त्याने मला सुरात म्हणून दाखवली. १९ दिवसांनी, मध्यरात्रीच्या सुमारास, राजाने टीव्हीवर येऊन बरखास्त संसद परत दिली. संविधान सभेची निवडणूक २००८ मध्ये झाली, त्रिभुवन यांच्या वचनानंतर ५७ वर्षांनी. आणि तिच्या पहिल्याच बैठकीत, २८ मे रोजी, ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही संपली. ती बैठक भरली ते सभागृह बीरेंद्र यांच्या नावाचं! विमानतळ आजही त्रिभुवन यांच्याच नावाने आहे.

पुढे काय झालं, तर बरंच काही. तराईतल्या शेतकरी कुटुंबातले डॉक्टर रामवरण यादव पहिले राष्ट्रपती झाले. इंद्रजात्रेच्या सणाला कुमारी, म्हणजे जिवंत देवी मानली जाणारी मुलगी, राजाला लावायची तो टिळा आता राष्ट्रपतींच्या कपाळी लागतो. २०१५ ची घटना आली, सात प्रांत झाले. पण एकाही पंतप्रधानाने पाच वर्षं पुरी केली नाहीत. घटना आल्यापासून २०२५ पर्यंत ओली, प्रचंड, देउबा हेच आलटून पालटून. तरुण पोरं आखातात आणि मलेशियात. मी उतरले तेव्हा विमानतळावर परदेशी निघालेल्या कामगारांची रांग पर्यटकांच्या रांगेहून लांब होती.

सप्टेंबर २०२५ मध्ये सोशल मीडियाच्या बंदीवरून देशात उरलेली तरुण पोरं रस्त्यावर आली, पहिल्याच दिवशी १९ जण मारले गेले, दुसऱ्या दिवशी सिंहदरबार आणि संसद जळली. मी नोव्हेंबरात गेले तेव्हा सिंहदरबाराच्या काळवंडलेल्या खिडक्या रस्त्यावरून दिसत होत्या. हा वाडा १९०८ मध्ये राणा पंतप्रधान चंद्र शमशेरने बांधलेला. राणा गेले, राजे गेले, तरी देशाचा कारभार तिथूनच चालत राहिला.

टॅक्सीवाल्याला विचारलं, राजा परत आलेला चालेल का? मार्च २०२५ मध्ये 'राजा आऊ, देश बचाऊ' म्हणत काठमांडूतल्या तिनकुनेला मोठा जमाव आला होता, दंगल झाली, दोघांचा जीव गेला. तो हसला. म्हणाला, 'त्या दंगलीनंतर महानगरपालिकेने ज्ञानेंद्रना बिल पाठवलं, माहितीये?' माहीत होतं. रस्त्याच्या आणि झाडांच्या नुकसानीपोटी जवळजवळ आठ लाख नेपाळी रुपये. 'म्हणजे नको का राजा?' मी पुन्हा विचारलं. 'माझ्या बायकोला हवाय,' तो म्हणाला, आणि कीर्तिपूरच्या चढाला त्याने गिअर बदलला.