दूध बंद करायचं का?

सोलापुरात रेल्वे लाइन्स भागातल्या एका दवाखान्यात मी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढते. मंगळवेढ्याकडून आलेल्या तिसरीतल्या त्या मुलीच्या चिठ्ठीवर 'फिट्स, औषध चालू, तरी वाढ' एवढंच होतं. पण हातपाय झाडणारी मोठी फिट तिला कधी आलीच नव्हती. बोलता बोलता ती थांबायची, दहा-बारा सेकंद एकटक बघत राहायची, की पुन्हा आपली सुरू. शाळेत लक्ष नाही म्हणून बोलणी बसायची. आधीच्या डॉक्टरांनी कार्बामाझेपिन दिलं आणि तेव्हापासून हे प्रकार मोजता येऊ नयेत इतके वाढले. एकही डोस चुकलेला नव्हता. आईनं गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यासुद्धा पिशवीतून आणल्या होत्या.

टेपनं डोक्याची मापं घेऊन, पेस्ट लावून इलेक्ट्रोड बसवले. लहान मुलांना "जोरजोरात श्वास घे" सांगून भागत नाही, म्हणून मी भिरभिरं देते. तीन मिनिटं फुंकायचं. दीडेक मिनिटात तिचं भिरभिरं थांबलं. डोळे उघडे, पापण्या बारीक फडफडत होत्या. पडद्यावर डावी-उजवीकडच्या सगळ्या रेघा एकदम उसळल्या, टोक आणि लाट, टोक आणि लाट, सेकंदाला तीन. मी मोठ्यानं म्हणाले, "पेरू." थोड्या वेळानं रेघा पूर्ववत झाल्या आणि ती काहीच न घडल्यासारखी पुन्हा फुंकायला लागली.

"मी कुठलं फळ म्हणाले गं?"

ती नुसती बघत राहिली. मागून आई म्हणाली, "मॅडम, घरी बी असंच करती. घास हातात धरून बसती, आन् मी पाठीत धपाटा घालते." एवढं बोलून तिला रडूच फुटलं.

हा ॲबसेन्स प्रकारचा अपस्मार, म्हणजे थोडा वेळ भान हरपणाऱ्या फिट्सचा आजार. मेंदूच्या आत खोलवर थॅलॅमस नावाचा भाग असतो. तिथल्या पेशींवर कॅल्शियम आत सोडणारे टी-टाइप चॅनल, म्हणजे एक प्रकारची बारीक दारं, असतात. पेशीचा आतला विद्युतभार नेहमीपेक्षा जास्त ऋण झाला, म्हणजे पेशी अगदी शांत झाली, की हे चॅनल सज्ज होतात. मग जराशा धक्क्यानं ते उघडतात, कॅल्शियम आत शिरतो आणि पेशी एकामागोमाग संदेश सोडते. गाढ झोपेत हे रोजच चालतं. ॲबसेन्समध्ये ते जागेपणी घडतं. थॅलॅमस आणि मेंदूचा बाहेरचा थर एकमेकांना त्याच तालात ओढत राहतात आणि तेवढा वेळ मूल कुठेच नसतं.

कार्बामाझेपिन काम करतं सोडियमच्या चॅनलवर. मेंदूच्या एका जागेतून सुरू होणाऱ्या फिट्ससाठी ते फार चांगलं औषध आहे, पण ॲबसेन्स त्यानं वाढू शकतात. पेशींना शांत करणाऱ्या 'गाबा'चं प्रमाण वाढवणारं व्हिगाबॅट्रिनसुद्धा इथं घात करतं, कारण पेशी जितकी शांत तितके टी-टाइप चॅनल सज्ज. आधीच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. एकटक बघत राहणं एका जागेतून सुरू होणाऱ्या फिट्समध्येही दिसतं आणि ॲबसेन्समध्येही. पण अशा मुलाचा ईईजी औषधाआधी व्हायलाच हवा, हे मी अगदी ठासून सांगते.

आमच्या डॉक्टरांनी कार्बामाझेपिन हळूहळू बंद करून इथोसक्सिमाइड लिहिलं. टी-टाइप चॅनलमधून जाणारा प्रवाह ते कमी करतं. थॅलॅमसच्या पेशींवर हे १९८९ मध्ये दाखवलं गेलं. ॲबसेन्स असलेल्या ४५३ मुलांवरची अमेरिकेतली चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात फिट्सच्या तीन औषधांची तुलना होती: इथोसक्सिमाइड आणि व्हॅलप्रोएट सारखेच गुणकारी ठरले, लॅमोट्रिजिन मागे पडलं, आणि मुलांच्या एकाग्रतेला इथोसक्सिमाइडचा त्रास व्हॅलप्रोएटपेक्षा कमी दिसला. शिवाय मुलीच्या जातीला व्हॅलप्रोएट देताना पुढच्या गरोदरपणाचाही विचार करावा लागतो.

कॅल्शियमचं नाव ऐकताच आईनं विचारलं, "मग दूध बंद करायचं का?" प्रश्न अगदी रास्त होता. डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. दूध, नाचणी, सगळं चालू ठेवा. रक्तातला कॅल्शियम कमी झाला तर उलट त्यानंच फिट येऊ शकते. हे औषध कॅल्शियम कमी करत नाही, पेशीत शिरायची त्याची एक वाट तेवढी आवरतं. मग वडिलांनी विचारलं, आजीच्या पायांची आग होते म्हणून चालू असलेली प्रीगाबालिनची गोळी हीच का? ती वेगळी. तीही कॅल्शियम चॅनललाच धरते, पण त्याच्या अल्फा-टू-डेल्टा या भागाला, आणि मज्जातंतूच्या टोकाशी संदेश सुटणं कमी करते. ॲबसेन्सला तिचा उपयोग नाही.

इथोसक्सिमाइड इथल्या दुकानांत मिळेना. वडील हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाऊन घेऊन आले. काही आठवड्यांनी मुलीनं तीन मिनिटं सलग फुंकलं, एकही लाट उसळली नाही, आणि मधेच म्हटलेलं "सीताफळ" तिनं लगेच सांगितलं. मोठी फिट या औषधानं थांबत नाही, तशी आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही आणि तडक घेऊन यायचं, हे डॉक्टरांनी आईकडून दोनदा म्हणवून घेतलं. शाळेसाठीची चिठ्ठी मी लिहिली, सही त्यांनी केली. खालच्या औषधवाल्यानं आता ते औषध मागवून ठेवायचं कबूल केलंय.