लाल रेघ एका ओळीवर, चूक दुसरीवर

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की पिंपळगाव बसवंत परिसरातील पॅकहाऊसमध्ये येणाऱ्या मालाच्या नोंदी एकदम वाढतात. अशा नोंदींसाठी आम्ही नाशिकमध्ये टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत एक प्रणाली लिहीत आहोत. तिच्यात द्राक्षांच्या जातीनुसार वजनाची बेरीज करायची होती: थॉमसन किती किलो, सोनाका किती, शरद किती. माझ्यासोबत काम करणाऱ्या मुलीने नोंदींच्या ॲरेवर (यादीवर) रिड्यूस, म्हणजे सगळ्या नोंदी एकेक करून एका निकालात मिळवत नेणारे फंक्शन, चालवले आणि सुरुवातीची किंमत म्हणून रिकामे ऑब्जेक्ट दिले. तर ज्या ओळीत वजन मिळवले जाते तिथेच लाल रेघ उमटली. एरर क्रमांक ७०५३ होता. ‘{}’ या प्रकारातून (टाइपमधून) स्ट्रिंगच्या, म्हणजे मजकुराच्या, आधारे घटक काढता येत नाही, असा त्याचा आशय.

“दादा, इथे ॲज एनी टाकू का? बाकी सगळं बरोबर आहे,” तिने विचारले. ॲज एनी म्हणजे कंपायलरला, कोड तपासून भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामला, इथला प्रकार तपासू नकोस असे सांगणे.

त्या ओळीत खरोखरच काही चुकलेले नव्हते. रिड्यूसमधील संचयकाचा (चालू बेरीज साठवणाऱ्या चलाचा) प्रकार जेनेरिक असतो, म्हणजे वापराच्या वेळी ठरतो, आणि तो ठरवण्यासाठी कंपायलरला इथे एकच पुरावा मिळतो, तो म्हणजे सुरुवातीची किंमत. आम्ही रिकामे ऑब्जेक्ट दिले, म्हणून ज्याला कोणताच गुणधर्म नाही असा प्रकार त्याने गृहीत धरला आणि तोच आतल्या फंक्शनला लावला. प्रकार शेवटच्या ओळीतील कंसाने ठरला होता, तक्रार मात्र चार ओळी वर दिसत होती. तेव्हा दुरुस्तीही उगमाशीच हवी: रिड्यूस<रेकॉर्ड<स्ट्रिंग, नंबर>> असे, म्हणजे जातीचे नाव स्ट्रिंग आणि वजन आकडा, स्पष्ट लिहिले आणि ती रेघ गेली.

त्याच क्षणी नवी रेघ आली, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. वजनाचे फील्ड फॉर्ममधून स्ट्रिंग म्हणून येत होते. ॲज एनी टाकले असते तर कंपायलर गप्प बसला असता आणि २५० व ३०० किलोंची बेरीज ५५० न होता ‘०२५०३००’ अशी जोडून छापली गेली असती. बागाईतदाराच्या हिशेबात असा आकडा जाणे मला मान्य नाही.

याच्या उलटही घडते: चूक असते, पण रेघच येत नाही. जातींची यादी आणि मूळ निवड (काहीच न निवडल्यास धरली जाणारी जात) असे दोन आर्ग्युमेंट घेणारे एक फंक्शन आमच्याकडे आहे. त्याचा जेनेरिक प्रकार स्ट्रिंगपुरता मर्यादित आहे. यादीत ‘सोनाका’ आणि मूळ निवडीत चुकून ‘सोनका’ लिहिले, तरी कंपायलर दोन्ही आर्ग्युमेंट पुरावा मानतो आणि दोन्ही शब्द सामावणारा संयुक्त प्रकार निमूटपणे तयार करतो. मार्च २०२४ मध्ये आलेल्या टाइपस्क्रिप्टच्या ५.४ आवृत्तीतील नोइन्फर नेमके याचसाठी आहे. मूळ निवडीचा प्रकार त्यात गुंडाळला की अनुमान केवळ यादीवरून होते आणि दुसरे आर्ग्युमेंट फक्त तपासले जाते.

हा बदल करून आम्ही संपूर्ण प्रकल्प पुन्हा कंपाइल केला, तेव्हा एका जुन्या अहवालाच्या पानावर ‘सोनका’ सापडला.