एसएसबीचा सायकॉलॉजिस्ट विद्यापीठात शिकवायला येतो तेव्हा

पुण्यात एनडीए आहे, एएफएमसी (सशस्त्र दलांचं वैद्यकीय महाविद्यालय) आहे, दक्षिण कमांडचं मुख्यालय आहे, आणि गणेशखिंडीला विद्यापीठाचा मानसशास्त्र विभागही आहे. तरीही सैन्यातला मानसशास्त्रज्ञ म्हटलं की आपल्याला आधी जवानांचं समुपदेशनच आठवतं. तेही असतं, पण भारतात या शाखेचं मूळ आणि मोठं काम अधिकारी निवडीचं, म्हणजे एसएसबीचं (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड, पुढे नुसतं ‘बोर्ड’) आहे. १९४३ साली डेहराडूनला त्याची सुरुवात झाली आणि आज दिल्लीतली डीआरडीओची (संरक्षण संशोधन आणि विकास संघटना) डीआयपीआर ही मानसशास्त्रीय संशोधन संस्था ते सांभाळते. इथे दोन वाटांनी येता येतं. एक वाट डीआरडीओत शास्त्रज्ञ म्हणून भरती होण्याची. दुसरी, गणवेशातल्या अधिकाऱ्याने डीआयपीआरमध्ये प्रशिक्षण घेऊन बोर्डावर जाण्याची.

बोर्डावर मुलाखत घेणारा अधिकारी उमेदवाराशी बोलतो, जीटीओ (गटाला कामं देऊन पारखणारा अधिकारी) त्याला मैदानावर बघतो आणि सायकॉलॉजिस्ट वाचतो ते फक्त त्याचं लिखाण. बारा चित्रं (शेवटचं कोरं), प्रत्येक ३० सेकंद बघायचं आणि ४ मिनिटांत गोष्ट लिहायची. मग ६० शब्द, प्रत्येकावर सुचेल ते वाक्य लिहायला १५ सेकंद. त्यानंतर ३० मिनिटांत ६० प्रसंग, प्रत्येकात आपण काय करू ते लिहायचं, आणि शेवटी १५ मिनिटांत स्वतःविषयी. सूचनांचा वेळ सोडला तर हे सगळं ११४ मिनिटांत आटोपतं. वेळ मुद्दामच अपुरा ठेवलेला असतो, कारण निवांतपणी माणूस शोभेल असं लिहितो. त्या कागदांवरून अधिकाऱ्याला लागणाऱ्या १५ स्वभावगुणांचा (उदाहरणार्थ पुढाकार) अंदाज बांधायचा आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्समध्ये तो पुराव्यानिशी मांडायचा.

अशा माणसाने वर्गात यावं असं मला मनापासून वाटतं. पण नियमांचं दार अरुंद आहे. सहायक प्राध्यापकपदासाठी एम.ए.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा हवी. जुलै २०२३ पासून पीएच.डी. ऐच्छिक आहे. (महाराष्ट्र-गोव्याची सेट पुणे विद्यापीठच घेतं.) थेट सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर पीएच.डी., अध्यापन किंवा संशोधनाच्या समकक्ष पदावरची ८ वर्षं आणि ७ प्रकाशनं लागतात. घोडं अडतं ते प्रकाशनांपाशी. वर्षानुवर्षं लिहिलेले अंतर्गत अहवाल गोपनीय असतात, त्यामुळे इथे धरले जात नाहीत. म्हणून नोकरीत असतानाच अर्धवेळ पीएच.डी.ला नाव घालावं. त्यासाठी कार्यालयाचं ना-हरकत पत्र लागतं. विषय मात्र असा निवडावा की बोर्डाच्या माहितीला हात लावावा लागणार नाही. नाहीतर प्रबंध परवानगीच्या फायलीत अडकतो.

२०२२ पासून यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही वाट उघडली, आणि त्यात सशस्त्र दलांचा स्पष्ट उल्लेख आहे. किमान १५ वर्षांचा, शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा, अनुभव पुरतो, पदवीची अट नाही. मात्र नेमणूक जास्तीत जास्त ३ वर्षांची, अपवादाने आणखी एक वर्ष. सेवानिवृत्तांसाठी मला हीच वाट बरी वाटते.

वर्गात पहिली अडचण साहित्याची. बोर्डाची खरी चित्रं, उमेदवारांचे खरे डोसियर (फायली) आणता येत नाहीत, आणू नयेतच. विद्यार्थ्यांनी स्वतः धूसर फोटो काढावेत, मंडईतले, स्वारगेटचे, कुठलेही, फक्त चेहरे ओळखू येऊ नयेत. त्यांवर इतरांकडून गोष्टी लिहून घ्यायच्या, लिहिणाऱ्यांची लेखी संमती घ्यायची आणि नावांऐवजी क्रमांक टाकायचे. मग दोघादोघांनी एकमेकांशी न बोलता गुणांकन करायचं आणि कप्पा (दोघांचं एकमत योगायोगापलीकडे किती ते सांगणारा आकडा) काढायचा. पहिल्या फेरीत तो कमीच येतो, कारण ‘पुढाकार’ म्हणजे काय हे प्रत्येकाने मनाशी वेगळं ठरवलेलं असतं. कुठल्या वाक्यावरून हा गुण दिला ते समासात लिहायला लावलं की खरं शिक्षण सुरू होतं. या एका सवयीसाठी अख्खं सत्र गेलं तरी चालेल.

दुसरी गोष्ट संख्याशास्त्राची, आणि ती निवडीच्या उदाहरणाने जितकी कळते तितकी दुसऱ्या कशाने कळत नाही. निवडलेल्यांचे बोर्डातले गुण आणि पुढची कामगिरी यांचा सहसंबंध कमी दिसला की विद्यार्थी चाचणीच निकामी ठरवतात. पण नापास झालेले खडकवासल्याला, एनडीएत, पोहोचलेलेच नसतात! एक्सेलमध्ये २००० ओळी घ्या. पहिला स्तंभ म्हणजे बोर्डातले गुण आणि तिसरा म्हणजे पुढची कामगिरी असं समजा. पहिल्या दोन स्तंभांत ‘नॉर्म.एस.इन्व्ह’मध्ये ‘रँड’ घालून यादृच्छिक संख्या भरा. तिसऱ्यात पहिल्याची ०.५ पट आणि दुसऱ्याची ०.८६६ पट यांची बेरीज करा. पहिल्या आणि तिसऱ्या स्तंभाचा सहसंबंध ०.५ च्या आसपास येईल. आता स्तंभांतले आकडे गोठवा (कॉपी करून ‘व्हॅल्यूज’ म्हणून पेस्ट करा), नाहीतर प्रत्येक क्लिकला आकडे बदलत राहतील. मग पहिल्या स्तंभातले वरचे २०० ठेवून तोच सहसंबंध पुन्हा काढा: तो ०.२३ च्या जवळपास घसरतो. चाचणी तीच, फक्त माणसं गाळली गेली.

एक मर्यादा पहिल्याच तासाला सांगायला हवी. निवड म्हणजे निदान नव्हे. बोर्डावरचा अनुभव कितीही दांडगा असला तरी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला आरसीआयची (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी लागते. विद्यार्थी आपल्या अडचणी घेऊन अशा शिक्षकाकडे जातातच. त्याने नीट ऐकावं आणि योग्य ठिकाणी पाठवावं. स्वतः उपचार करू नयेत.

आणि एसएसबीचे खाजगी क्लास. पुण्यात त्यांना तोटा नाही, आणि निवृत्त सायकॉलॉजिस्टला मागणीही असते. ज्याने विद्यापीठात शिकवायचं ठरवलं त्याने तिकडे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पाठ करून घेतलेल्या गोष्टींनी उमेदवाराचं खरं रूप झाकलं जातं, आणि वर्गात ज्या चाचणीची विश्वसनीयता शिकवायची तीच बाहेर पोखरली जाते. विभागाने ही अट नेमणुकीच्या करारातच लिहून घ्यावी.