बोट लागली: अलास्काच्या आखातात सप्टेंबरचे बारा दिवस

जुलैत जाऊन आलेल्याचं सप्टेंबरात जाणाऱ्यानं काहीही ऐकू नये. आमच्या लॅबमधल्या एका सिनियरनं मला प्रेमानं दीड पानाची यादी करून दिली होती. समुद्र तळ्यासारखा असतो, अंधार असा पडतच नाही, अँकरेजहून सिवर्डला झकास रेल्वे आहे, आणि पहिले दोन दिवस जहाज प्रिन्स विल्यम साउंड या आत शिरलेल्या उपसागराच्या आडोशाला असतं, तेवढ्यात पोट सरावतं. चारही गोष्टी खऱ्या. जुलैत. मी गेले सप्टेंबरच्या मध्यानंतर, आणि चारही खोट्या निघाल्या.

घरी ‘क्रूझवर चाललेय’ म्हणून सांगितल्यापासून मालवणात अर्ध्या आळीला वाटतंय की मी बुफे खायला गेले होते. तेव्हा आधी तेवढं सांगून टाकते: ही समुद्र मोजायची संशोधन मोहीम होती, तिलाही क्रूझच म्हणतात. सिवर्ड हे अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावरचं लहानसं बंदर. त्याच्या पुढ्यातल्या रेझरेक्शन बेच्या तोंडाशी जीएके-१ नावाचं स्टेशन आहे, म्हणजे नकाशावरचा एक ठिपका. तिथे १९७० पासून पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजतात. त्या ठिपक्यापासून आग्नेयेला, उघड्या समुद्रात, दोनशे किलोमीटरहून लांब अशी स्टेशनांची रांग जाते. ती सिवर्ड लाइन. १९९७ पासून हीच रांग पुन्हा पुन्हा मोजली जातेय, हल्ली वसंत, उन्हाळा आणि शरद अशी वर्षातून तीनदा. तेच ठिपके, तीच जाळी, त्याच खोल्या. २०१४ ते २०१६ मध्ये ईशान्य पॅसिफिकवर तापलेल्या पाण्याचा ‘ब्लॉब’ येऊन बसला आणि किनाऱ्यावर सुमारे ६२ हजार मुर पक्षी मरून किंवा मरणपंथाला लागून आले, तेव्हा ‘एरवी इथे काय असतं’ हे सांगायला असल्या कंटाळवाण्या नोंदीच कामी आल्या. जाण्याचं कारण एवढंच. आता प्रवास.

व्हॅनचं आधी, कारण तो राग अजून गेलेला नाही. अँकरेज ते सिवर्ड रस्त्यानं साधारण २०० किलोमीटर. ती झकास रेल्वे पर्यटकांची. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच धावते. मी उतरले तेव्हा ती बंद होऊन चार दिवस झाले होते. एका व्हॅनवाल्याशी फोनवर १४० डॉलर ठरले. टर्नअगेन आर्म नावाच्या खाडीच्या कडेनं जाताना, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला ओहोटीचा चिखल आणि वरून धो धो पाऊस अशा जागी त्यानं शांतपणे सांगितलं की १४० हा चार जण असले तरचा दर, एकटीचे २६०. बॅगांचे २० वेगळे. कुडाळ स्टेशनबाहेर पहाटेच्या रिक्षावाल्यांशी घासाघीस करून मोठी झालेली बाई मी, पण तिथे उतरून जाणार कुठे? भरले. खरी चीड पुढे. त्याच दुपारी आमच्याच टीममधले दोघं भाड्याच्या गाडीनं, मागची अख्खी सीट रिकामी ठेवून, त्याच रस्त्यानं सिवर्डला गेले होते! तेव्हा मोहिमेची ईमेल यादी तयार झाली की पहिल्याच दिवशी तिच्यावर लिहा: अमुक तारखेला अमुक वाजता अँकरेजला उतरतोय, कुणाकडे जागा आहे का. लाजायचं नाही. आणि तरीही व्हॅन करावी लागली तर दर लिहून घ्या, माणसागणिक की गाडीचा हेही.

आमचं जहाज सिकुलियाक. अलास्कातल्या मूलनिवासींच्या इन्युपियाक भाषेत या शब्दाचा अर्थ कोवळा, नुकताच धरलेला समुद्रावरचा बर्फ. लांबी ८० मीटर, म्हणजे गोव्याच्या सिंधु साधना या संशोधन जहाजाएवढीच. पीएचडीला यायच्या आधी मी सिंधु साधनावर एक फेरी केली होती, मार्चमध्ये, आणि तेव्हा मला बोट लागली नव्हती. त्याचा माज होता.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मेसमध्ये मोहिमेच्या प्रमुखांनी हवामानाचा नकाशा पडद्यावर लावला. पश्चिमेकडून कमी दाबाचा मोठा पट्टा येत होता. निर्णय असा, की आधी थेट सिवर्ड लाइन, अगदी बाहेरच्या टोकापर्यंत, साउंड शेवटी. माझे सरावाचे दोन दिवस तिथेच बुडाले. छापील कार्यक्रमावर विश्वास ठेवून गोळ्यांचं वेळापत्रक आखू नका. कार्यक्रम हवा ठरवते.

जीएके-१ ते जीएके-४ ठीक. लाट लांब होती, जेवण जात होतं. पाचव्या स्टेशनपासून वारा उलटा फिरला आणि जीएके-९ ते जीएके-१० या टापूनं मला पुरतं लोळवलं. इथे समुद्राखालची उथळ बैठक संपते आणि तळ एकदम हजार मीटरच्या खाली जातो. जुनी लाट एका दिशेनं, नवा वारा दुसऱ्या दिशेनं, जहाज कधी डावी-उजवीकडे डोलतंय, कधी नाक आपटतंय, आणि काम करायचं तर एका जागी उभं राहायला हवं. चालतं जहाज परवडलं, थांबलेलं नको. रात्रीचे दोन. मी जाळ्याच्या शेवटी बांधलेल्या भांड्यातला माल चाळणीवर ओतत होते, समोर नमुने टिकवायच्या फॉर्मलिनची बरणी उघडी. एक वास, एक हेलकावा, आणि रबरी हातमोजे घातलेल्या अवस्थेत मी कठड्याकडे धावले. वाऱ्याची बाजू कुठली हे बघायचं भान नव्हतं. पुढचं लिहीत नाही. एवढंच सांगते की कठड्याकडे धावू नका. रात्री, एकट्यानं तर मुळीच नाही. बादली जवळ ठेवा. बादलीची लाज वाटत असेल तर या कामाला येऊ नका.

त्या रात्री पाच वेळा झालं. दोन स्टेशनांमधलं अंतर साधारण दहा सागरी मैल, म्हणजे तासाभराचा प्रवास, आणि त्या तासात ‘जरा पडू या’ असं वाटणं हाच सापळा. पडायला वीस मिनिटं, उठून परत रेनकोट, लाइफ जॅकेट, हेल्मेट चढवायला पंधरा. उरलेल्या वेळात छताकडे बघायचं. त्यापेक्षा डेकजवळच्या बाकावर बसून राहिलेलं बरं. बाबा एरवी उपदेश करत नाहीत, पण निघताना फोनवर म्हणाले होते, “दर्यात पोट रिकामा ठेवू नको गो.” तेच खरं ठरलं. खारे बिस्किट आणि आलेपाक, तासाला एक तुकडा. मेसमध्ये जेवण उत्तम मिळतं, आधी कळवलं तर शाकाहारीही. पण त्या रात्री चीजचा वासही सहन होत नव्हता. आलेपाक नेलात तर मित्र फार होतील. एक किलो न्या.

औषधाचं. एव्होमिननं मला इतकी झोप आणली की ती कामाची नाही. अमेरिकेत मेक्लिझीन सरळ दुकानात मिळतं, पण ते उलटी सुरू व्हायच्या आधी, धक्क्यावर असतानाच सुरू करायला हवं. मी ‘बघू लागली तर’ म्हणून थांबले, तो मूर्खपणा. कानामागे चिकटवायची स्कोपोलामाइनची पट्टी डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते, तीन दिवस चालते, आणि मला तिनंच उभं केलं. फक्त पट्टी हाताळून झाल्यावर हात साबणानं धुवा. मी नाही धुतले. सकाळी आरशात बघते तो उजव्या डोळ्याची बाहुली पावलीएवढी आणि डावीची मोहरीएवढी. जवळचं वाचता येईना. डोक्याला मार लागलाय की काय म्हणून जहाजावरच्या प्रथमोपचारवाल्यानं मला अर्धा तास बसवून प्रश्न विचारले. सगळं कळल्यावर त्यानं फक्त सिंककडे बोट दाखवलं.

डोळ्यांवरून आणखी एक: या दिवसांत जाळ्यात जेलीफिश भरमसाट येतात. त्यांचे तंतू रेनकोटच्या बाहीवर वाळून बसतात आणि पाण्याचा थेंब लागला की पुन्हा डसतात. बाहीनं नाक-डोळे पुसायची सवय असेल तर ती किनाऱ्यावर ठेवून या.

आता रात्रीबद्दल. प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांची, जाळी अंधारात टाकतात, कारण दिवसा खाली दडणारे बरेच जीव रात्री वर येतात. जुलैत ६० अंश उत्तरेला रात्र पाचेक तासांची. रात्रपाळीवाल्याला धड चार वेळा जाळं टाकायला मिळत नाही, मग तो उरलेल्या वेळात व्हेल बघतो आणि घरी येऊन दीड पानाची यादी करतो. सप्टेंबरच्या शेवटाला रात्र बारा तासांची. बाराही तास काम. मध्यरात्री पाळीला उभी राहायचे तेव्हा मालवणात दुपारचा दीड, आणि आईचा फोटो येऊन पडलेला: ताटात तळलेली सुरमई. कामाच्या पहिल्या आठवड्यात घरच्या ग्रुपला म्यूट करा.

तरी काम बघण्यासारखं आहे, हे कबूल करते. दिवसा सीटीडी, म्हणजे खोलीगणिक क्षारता आणि तापमान मोजणारं यंत्र, खाली जातो तेव्हा पडद्याजवळ उभे राहा. आपल्याकडे अरबी समुद्रात वरचं पाणी गरम म्हणून हलकं. इथे मुख्य हिशोब मिठाचा. शरदातला पाऊस आणि हिमनद्यांचं वितळलेलं पाणी किनाऱ्यालगत साचतं, त्यामुळे जीएके-१ला वरच्या थराची क्षारता (हजार भागांत मीठ किती) तीसच्याही खाली आणि तळाशी तेहतीसच्या आसपास. पडद्यावर ती रेघ सुरुवातीला जिना उतरल्यासारखी झपाझप सरकते आणि मग सरळ होते. हे गोडसर पाणी किनारा उजव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे वाहत जातं, त्यालाच अलास्काचा किनारी प्रवाह म्हणतात. गंमत अशी की इथले वारे पाणी किनाऱ्याकडे ढकलून खाली दाबतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात खालचं खतावलेलं पाणी वर येतं, म्हणून मासळी. इथे सगळं उलटं, तरी मासळी अफाट. एक कारण आम्ही चाललो होतो त्या रांगेतच आहे: प्लवकांच्या वाढीला नायट्रेट आणि लोह दोन्ही लागतं. बाहेरच्या पाण्यात नायट्रेट भरपूर पण लोह जवळजवळ नाही, किनाऱ्याच्या पाण्यात हिमनद्यांच्या पिठासारख्या गाळातून आलेलं लोह आहे पण उन्हाळाअखेर नायट्रेट संपलेलं. जिथे दोन्ही पाणी मिसळतं तिथे चंगळ.

रोझेट, म्हणजे सीटीडीभोवतीचं बाटल्यांचं कडं, वर आला की बाटल्यांतून पाणी काढायचा क्रम पाळा. ऑक्सिजन सगळ्यात आधी, नळी बाटलीच्या तळाशी टेकवून, बुडबुडा न येऊ देता. थंडीनं बोटं वळत नाहीत आणि हातमोज्यात बुडबुडा कळत नाही. पातळ नायट्राइल मोज्यांखाली लोकरीचे बिनबोटांचे मोजे घालायचे. हे मला तिसऱ्या दिवशी एका तंत्रज्ञानं दाखवलं, तुम्हाला आज फुकट.

वादळ ठरल्या वेळेच्या सहा तास आधी आलं. वारा चाळीस नॉटच्या वर गेल्यावर डेक बंद झालं, आणि आम्ही लाटेला तोंड देऊन दीड दिवस नुसते उभे. काम नाही, झोप नाही. खालचा बंक मागून घ्या, आणि गादीच्या बाहेरच्या कडेखाली लाइफ जॅकेट सरकवा, म्हणजे भिंत आणि गादी यांच्या खोबणीत माणूस अडकून राहतो. लॅपटॉप टेबलावर ठेवून कुणी गेलं तर तो जमिनीवर सापडतो. माझा सापडला.

त्यानंतर साउंड. पाच दिवस, पाणी काचेसारखं, हिमनदी, समुद्री ओटर, सगळं तुम्ही फोटोंत बघितलंय तसंच. फक्त एक रात्र सांगते. साउंडमधल्या सातशे मीटरहून खोल डोहात जाळं सोडलं आणि निओकॅलॅनस नावाचे चिमुकले कवचधारी प्लवक वर आले. वसंतात वर येऊन खाऊन घेतात, मग उन्हाळ्यात खोल उतरतात आणि अंगातल्या चरबीवर हिवाळा काढतात. बशीतल्या बर्फाळ पाण्यात एकेक तांदळाच्या दाण्याएवढा, काचेसारखा, पोटात तेलाची लांबट पिशवी आणि दोन्ही बाजूंना पसरलेल्या मिशा. काही खात नाहीत, फारसे हलत नाहीत. भिंगाखाली एकानं मिशी जराशी हलवली आणि परत थांबला. मी पंधरा मिनिटं त्याच्याकडेच बघत बसले. पाळी संपून गेली होती, नाश्ताही गेला.

कपड्यांबाबत दुकानदारांचं ऐकू नका. डोंगरातलं हलकं, श्वास घेणारं जॅकेट तिथे दहा मिनिटांत भिजतं. मासेमारीवाले घालतात तो जाड पीव्हीसीचा रेनसूट, गुडघ्याखालपर्यंतचे रबरी बूट, आत लोकर. बूट पुढून पोलादी टोपीचे लागतील का, ते आधी विचारून घ्या. ऐन वेळी सिवर्डच्या दुकानात माझ्या मापाचे नव्हते आणि मी बारा दिवस दोन मापं मोठ्या बुटांत दोन-दोन मोजे घालून फिरले. जहाजावर दारू चालत नाही, कॉफी अखंड चालते. मसाल्याची एक छोटी डबी न्या. भाताला चव येते आणि रात्रपाळीचे बाकीचेही मागून घेतात.

धक्क्याला लागलो त्या सकाळी बाथरूममध्ये डोळे मिटून साबण शोधताना भिंत हलली आणि मी नळाला धरून उभी राहिले. जमीन लागली, असं तिथे कुणी म्हणत नाही, पण म्हणायला हवं. अँकरेजला परत जाताना त्याच दोघांच्या भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसले. पेट्रोलचा माझा वाटा १८ डॉलर झाला. त्यांनी घ्यायला नकार दिला, म्हणून उरलेला आलेपाक दिला.