हॉलचा पांढरा

शनिवार, रात्री. पोखरण रोड, ठाणे.

हॉलच्या रंगाचं आज ठरलं. ऑफ-व्हाइटच, उबदार, पण पिवळ्यात थोडी राखाडी छटा मिसळलेला. पाऊस ओसरलाय, भिंती सुकल्यात आणि पेंटरला वसुबारसेच्या आत काम उरकायचंय.

शेडकार्डावरच्या बोटभर चौकोनावरून पांढरा निवडूच नये, असं माझं ठाम मत आहे. रंग खोलीभर लागला की भिंती एकमेकींवर उजेड फेकतात आणि छटा कार्डापेक्षा गडद दिसते. म्हणून मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारून घेतले आणि ते घरभर फिरवले. आमच्या जुन्या पिस्ता रंगाच्या भिंतीवरच नमुना लावला असता, तर शेजारच्या हिरव्यामुळे चांगला पांढराही गुलाबी भासला असता. खरी छटा कळायला पुठ्ठ्याला झेरॉक्सचा कोरा कागद लावून बघायचा. कार्डावर सगळे सारखेच वाटत होते. कागद लावल्यावर एक साजूक तुपासारखा पिवळा निघाला, एकात गुलाबी झाक दिसली, एक चक्क हिरवट.

रंगाच्या माहितीत एलआरव्ही नावाचा आकडा असतो. 0 म्हणजे सगळा उजेड गिळणारा काळा, 100 म्हणजे सगळा परत देणारा पांढरा. उबदार ऑफ-व्हाइट बहुधा 80च्या आसपास असतात. अमेरिकेत खूप चालणारा शेरविन-विल्यम्सचा ‘अलाबास्टर’ 82 आहे. खोली किती उजळ वाटेल याचा त्यावरून अंदाज येतो, पण झाक कुठली ते त्यातून कळत नाही. ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

आणि डोळ्यांचंच तर खरं आज घडलं.

आमच्या हॉलची खिडकी पश्चिमेला, येऊरच्या डोंगराकडे. सकाळभर ऊन येत नाही, नुसता आभाळाचा निळसर उजेड आणि खिडकीलगतच्या झाडांचा हिरवेपणा. दुपार कलली की ऊन थेट समोरच्या भिंतीवर आणि संध्याकाळी सगळंच सोनेरी. मी आपली ऑफिसातून आल्यावर, दिव्याखाली पुठ्ठे लावून बघत होते. आज सुट्टी म्हणून सकाळी बाबांच्या खुर्चीसमोर ते उभे केले. बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डावा व्हायचाय. त्यांनी आधी उजवा डोळा हाताने झाकला. "हा पिवळट आहे गं." मग डावा झाकला. "अरे! हा तर पांढराशुभ्र!"

पुठ्ठा तोच. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट-तपकिरी होत जातं आणि निळा उजेड अडवतं. नवं भिंग स्वच्छ असतं, त्यामुळे पांढरं एकदम निळसर, लख्ख दिसतं. बाबा कितीतरी वेळ एकेक डोळा झाकून बघत बसले. मला फार बरं वाटलं त्यांना असं बघताना.

"बाबा, मग तुमच्या कुठल्या डोळ्याचं ऐकू?"

"उजव्याचं. डावाही तसाच होणार आहे."

दिवसभर हॉलमध्ये बाबाच असतात. आम्ही दोघं येतो सातनंतर. तेव्हा रंग त्यांच्या सकाळचा आणि त्यांच्या उजव्या डोळ्याचा. त्या निळसर उजेडात अगदी शुभ्र भिंत दवाखान्यासारखी दिसली असती, म्हणून ऊब हवी. आणि संध्याकाळच्या उन्हात ती पिवळीजर्द होऊ नये म्हणून ती राखाडी छटा.

दिव्यांचंही बदलावं लागणार. दिव्याच्या उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात, आकडा मोठा तितका उजेड निळसर. 6500 केल्विनच्या ट्यूबखाली ही ऊब मरते. मला 3000 हवे होते, पण आई म्हणाली, पिवळ्या उजेडात तांदूळ निवडता येत नाहीत. तिचं खरंच आहे. डायनिंग टेबलावर 4000, बाकी हॉलभर 3000.

छताला पेंटर निव्वळ पांढरा म्हणतोय. मला ते पटत नाही, त्याच्या शेजारी या भिंती मळकट दिसतील. छताला हाच रंग, दुकानातल्या मशीनवर निम्मंच टिंट, म्हणजे छटा देणारा रंग, घालून. उद्या दुकान उघडलं की सगळे डबे एकदमच करून घेईन; मागाहून आणलेल्या डब्याची छटा जुळेलच असं नसतं.