डावखुरा पिचर आणि 52 क्रेडिटांचा हिशेब

अमेरिकेच्या उत्तर भागातील एका सरकारी विद्यापीठात मी खेळाडू-विद्यार्थ्यांची शैक्षणिक सल्लागार आहे आणि बेसबॉलचा संघ माझ्याकडे आहे. गेल्या काही मोसमांत हा संघ जिंकला त्याहून कितीतरी अधिक वेळा हरला आहे. खेळाडूंची भरती हे प्रशिक्षकांचे काम; मैदानावर कोण किती वेगाने चेंडू टाकतो यावर मत देण्याचा मला अधिकार नाही. मात्र संघात येऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलाची गुणपत्रिका माझ्या हातून जाते, आणि जून 2025 मधील ज्या दिवसाविषयी मी लिहीत आहे, त्या दिवशी आमची सगळी भरती अशाच एका गुणपत्रिकेपाशी येऊन अडली.

आमच्यासारख्या संघाकडे मुले का येत नाहीत, हे आधी सांगायला हवे. कॉलेज बेसबॉलचा मोसम फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होतो, आणि तेव्हा आमचे मैदान बर्फाखाली असते. सुरुवातीचे कित्येक आठवडे संघ दक्षिणेत जाऊन परक्या मैदानांवर खेळतो, तर फ्लोरिडा-टेक्सासमधली मुले तोवर वर्षभर उन्हात सराव करून तयार झालेली असतात. 1966 मध्ये ओहायो स्टेटने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, त्यानंतर बिग टेन या मुख्यतः उत्तरेकडच्या विद्यापीठांच्या श्रीमंत गटातून खेळणाऱ्या एकाही संघाला 2025 पर्यंत ते पुन्हा मिळालेले नाही. मग आमच्यासारख्या लहान गटातल्या संघाची स्थिती काय असेल, याची कल्पना करता येईल. शिवाय पैसा. बेसबॉलमध्ये वर्षानुवर्षे एका संघाला जास्तीत जास्त 11.7 शिष्यवृत्त्या देता येत असत आणि त्या दोन डझनांहून अधिक मुलांत तुकडे करून वाटल्या जात. आमच्या विद्यापीठाला तेवढ्याही पूर्ण देणे कधी परवडले नाही. त्याच महिन्यात न्यायालयाने एनसीएए या कॉलेज-खेळांच्या राष्ट्रीय संघटनेविरुद्धच्या खटल्यातील तडजोड मंजूर केली. तीत सहभागी होणाऱ्या विद्यापीठांसाठी शिष्यवृत्त्यांवरची मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघात कमाल 34 खेळाडू हा नियम आला. म्हणजे ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना चौतीसच्या चौतीस मुलांना पूर्ण शिष्यवृत्ती देण्याची मुभा मिळाली.

एवढे असूनही बारावी पूर्ण केलेली मुले घेऊन, त्यांना दोन-तीन वर्षे घडवून संघ उभा करता येतो, असा आमच्या मुख्य प्रशिक्षकांचा विश्वास होता आणि एके काळी तो खराही ठरला होता. आता घडवलेला मुलगा टिकत नाही. 2021 पासून एकदा, आणि 2024 पासून कितीही वेळा, अभ्यासात पात्र असलेला खेळाडू एक वर्ष न थांबता दुसऱ्या विद्यापीठात जाऊन लगेच खेळू शकतो. ‘ट्रान्सफर पोर्टल’मध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव टाकले की झाले. व्यावसायिक लीगची निवडप्रक्रिया पूर्वी 40 फेऱ्यांची होती, ती 2021 पासून 20 फेऱ्यांची झाली; कोविडमुळे खेळाडूंना एक जादा वर्षही मिळाले होते. त्यामुळे बावीस-तेवीस वर्षांचे अनुभवी खेळाडू कॉलेजातच राहिले आणि अठरा वर्षांच्या मुलासाठी जागा उरली नाही. अशी पुष्कळ मुले मग दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात जातात, तिथे खेळतात आणि तिसऱ्या वर्षी आमच्यासारख्यांकडे येतात. आपल्याकडे पदविका करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या मुलांसारखाच त्यांचा मार्ग असतो, आणि मागचे किती विषय पुढे धरले जातात हाच त्यांचाही कळीचा प्रश्न असतो.

त्या दिवशी सकाळी आमच्या ‘शुक्रवारच्या पिचर’ने पोर्टलमध्ये नाव टाकल्याचे कळले. पिचर म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू; शनिवार-रविवार धरून होणाऱ्या तीन सामन्यांच्या मालिकेतल्या पहिल्या, शुक्रवारच्या सामन्यात संघातला सर्वांत चांगला पिचर उतरवतात. आमच्या या पिचरला आम्ही अठराव्या वर्षी घेतले होते आणि इथेच त्याच्या फास्टबॉलचा वेग वाढला होता. प्रशिक्षकांनी त्याला फोन करून शुभेच्छा दिल्या. फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, “त्याने काही वावगे केलेले नाही. आपल्याकडे जे नाही ते त्याला दुसरे कोणी देत आहे.” एवढे बोलून ते पाहुण्यांच्या स्वागताला गेले, कारण दहा वाजता एक डावखुरा पिचर आईवडिलांसह विद्यापीठ पाहायला येणार होता.

हा मुलगा कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षे संपवून येत होता. मोठ्या विद्यापीठांचे लक्ष त्याच्याकडे गेले नव्हते, कारण त्याचा वेग बेताचा होता. पण त्याचा चेंडू उशिरा वळतो आणि डावखुऱ्या फलंदाजांना तो दिसतच नाही, असे आमचे सहप्रशिक्षक सांगत होते. सकाळच्या बातमीनंतर त्याची गरज दुप्पट झाली होती. अडचण अशी की त्याला सिव्हिल इंजिनिअरिंग करायचे होते. त्याच्या गुणपत्रिकेवर 62 क्रेडिट, म्हणजे उत्तीर्ण विषयांसाठी मिळणारी अभ्यासाची एकके, होती, पण नोंदणी कार्यालयाने विषय तपासून दिले तेव्हा इंजिनिअरिंगच्या पदवीत धरता येतील अशी केवळ 41 निघाली. खेळव्यवस्थापन, प्रशिक्षणशास्त्र, व्यवसायगणित असे बाकीचे विषय त्या पदवीत बसत नव्हते. एनसीएएच्या नियमानुसार तिसऱ्या वर्षाच्या आरंभी खेळाडूने निवडलेल्या पदवीचा 40 टक्के भाग पूर्ण केलेला असावा लागतो. चौथ्या वर्षी 60 आणि पाचव्या वर्षी 80 टक्के. आमची पदवी 128 क्रेडिटांची, तिचे 40 टक्के म्हणजे 52. मुलगा अकरांनी कमी पडत होता. प्रवेश मिळाला असता, खेळता आले नसते.

आदल्या संध्याकाळी सहप्रशिक्षकांनी यावर तोडगा सुचवला होता. मुलाची नोंद ‘जनरल स्टडीज’ या पदवीत करावी. तिथे त्याची जवळजवळ सगळी क्रेडिट चालतात, तो लगेच पात्र ठरतो, आणि इंजिनिअरिंगकडे नंतर वळता येईल. त्यांच्या मनात कपट नव्हते. पराभूत संघात वर्षावर्षाच्या करारावर काम करणाऱ्या माणसाला पुढच्या मोसमापलीकडचे पाहणे किती अवघड असते, हे मी जवळून पाहिले आहे. पण मी कागद काढून त्यांना पुढचा हिशेब दाखवला. चौथ्या वर्षाच्या आरंभी 60 टक्के म्हणजे 77 क्रेडिट लागतात. एकेचाळीसवरून सत्त्याहत्तरवर जायचे तर एका वर्षात इंजिनिअरिंगची 36 क्रेडिट करावी लागतील, आणि स्टॅटिक्सशिवाय पुढचा विषय नाही, कॅल्क्युलस तीनशिवाय त्याच्यापुढचा नाही, अशी तिथली साखळी असते. ‘नंतर वळता येईल’ हे बोलणे ऐकायला बरे, पण त्या मुलासाठी दार कायमचे बंद होत होते, आणि हे आम्हाला ठाऊक असताना त्याला ठाऊक नसणे मला मान्य नव्हते. मुख्य प्रशिक्षकांनी दोघांचेही ऐकून घेतले आणि मला सांगितले, “उद्या त्याच्या आईवडिलांसमोर हाच कागद ठेवा.”

भेटीत वडिलांनी पहिला प्रश्न वेगळाच विचारला. हा संघ दोन वर्षांनी असेल का, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. आमच्या भागात हा प्रश्न कुणी उगाच विचारत नाही. अॅक्रन विद्यापीठाने 2015 मध्ये बेसबॉल बंद केला आणि तो परत आणायला काही वर्षे गेली. बफेलोने 2017 मध्ये बंद केला. बोलिंग ग्रीनने मे 2020 मध्ये बंद केल्याचे जाहीर केले आणि माजी खेळाडूंनी निधीची हमी उभी केल्यावर काही आठवड्यांत निर्णय मागे घेतला. प्रशिक्षकांनी ही नावे स्वतःच घेतली आणि सांगितले, की हमी देण्याचा अधिकार त्यांना नाही. पण संघ बंद झाला तरी मुलाची शिष्यवृत्ती पदवीपर्यंत चालू राहील, असे ते विद्यापीठाकडून लेखी घेऊन देतील. भरतीच्या बैठकीत स्वतःच्या संघाची इतकी दुबळी बाजू उघडपणे मांडणारा प्रशिक्षक मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

मग मी कागद पुढे केला. दोन्ही वाटा शेजारी-शेजारी लिहिल्या होत्या. आईने तो सावकाश, आकडा न् आकडा बोटाखाली धरून वाचला आणि विचारले, “दुसरीकडे आम्हाला हे कुणी दाखवले नाही. तिथे तो कशात शिकणार होता?” मी म्हणाले, की दुसऱ्या विद्यापीठाविषयी मला बोलता येणार नाही, पण त्यांनी तिथे हाच प्रश्न आणि हेच तीन टक्के विचारून घ्यावेत. मुलगा तोवर गप्प होता. त्याने एकच विचारले: अकरा क्रेडिट उन्हाळ्यात होतील का? होऊ शकत होती. कॅल्क्युलस तीनची चार, भौतिकशास्त्राची चार आणि तांत्रिक लेखनाची तीन. पण त्यासाठी त्याला समर लीगमध्ये खेळणे सोडावे लागणार होते, आणि वेग कमी असलेल्या पिचरला उन्हाळ्यातले सामने म्हणजे निवडकर्त्यांच्या नजरेत येण्याची संधी. ती सोड असे सांगणे मला जड गेले. ते प्रशिक्षकांनी सांगितले, आणि पुढे असेही, की प्रयोगशाळेचे तास दुपारच्या सरावाशी टकरावतील तेव्हा त्या दिवसांचा त्याचा सराव सकाळी सहाला होईल आणि पिचिंगचे प्रशिक्षक तिथे हजर असतील. सहप्रशिक्षकांनी ती वेळ लगेच आपल्या वहीत लिहून घेतली.

कुटुंबाने उत्तर द्यायला आठवडा घेतला. त्या आठवड्यात आमचा शुक्रवारचा पिचर दक्षिणेतल्या एका मोठ्या विद्यापीठात गेला, आणि आमच्या यादीतल्या आणखी एका मुलाने अधिक पैसे देणारा संघ निवडला. डावखुऱ्याने होकार कळवला. तो एका चांगल्या मोसमानंतर आमच्याकडून निघून जाऊ शकतो, हे प्रशिक्षक आणि मी दोघेही जाणतो. गेला तर इंजिनिअरिंगची क्रेडिट त्याच्यासोबत जातील आणि त्याच्या कामी येतील. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याचे तिन्ही विषयांचे निकाल आले, भौतिकशास्त्रात जेमतेम, पण उत्तीर्ण. मी 52 चा आकडा नोंदवून पात्रतेचा अर्ज पाठवला. त्याच दुपारी सहप्रशिक्षकांनी पुढच्या वर्षासाठी पाहिलेल्या दोन मुलांच्या गुणपत्रिका, त्यांना विद्यापीठ पाहायला बोलावण्याच्या आधीच, माझ्याकडे तपासायला दिल्या.